नेट आसा, पण चलना नाय

(मालवण येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय 'ऑपरेटिंग सिस्टिममधून पॅकेट लवकर कसे सुटेल' असा छापला आहे. एवढे वाचूनही सभागृह भरले, त्याचे श्रेय मी घेत नाही. ते ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला आहे त्या सरांचे. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांना तरी त्यांनी गणित शिकवले असेल. उत्तर बरोबर असले, पण पुढे एकक लिहिलेले नसले, की सर त्या गणिताला सरळ शून्य द्यायचे. बारा म्हणजे बारा काय? मीटर, मिनिटे की माणसे? आज मी जे बोलणार आहे ते सगळे त्या खोडीला धरूनच आहे, त्यामुळे विषय त्यांना परका वाटला नसता.

इंटरनेट आपल्याला मेगाबिट प्रतिसेकंद या एककात विकले जाते. शंभर मेगाबिटचा प्लॅन, तीनशे मेगाबिटचा प्लॅन. पण आपण वैतागतो तेव्हा तो वैताग मिलिसेकंदांचा असतो. बाजारात मासळीचे पैसे यूपीआयने देताना फोनमधून जी माहिती जाते-येते ती काही किलोबाइटांची. तिला शंभर मेगाबिट घेऊन करायचे काय? तिला वेळेवर निघायचे असते, बस्स. तरी पडद्यावर चक्र फिरत राहते, मागचे गिऱ्हाईक खोळंबते आणि ठरलेले वाक्य कानावर येते : 'नेट आसा, पण चलना नाय.' याहून नेमके निदान मला इतक्या वर्षांच्या नोकरीत क्वचित ऐकायला मिळाले. जोडणी आहे, सिग्नलच्या दांड्या पूर्ण आहेत, तार कुठे तुटलेली नाही. पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, कुठेतरी रांगेत उभे आहे. ती रांग लागते कुठे, ती लावली कोणी आणि ती हटवायला काय काय करावे लागले, एवढेच मला आज सांगायचे आहे.

सुरुवात १९८६ पासून करतो, कारण त्या एका वर्षात दोन गोष्टी घडल्या. आपल्याकडे एर्नेट या शैक्षणिक जाळ्याचे काम सुरू झाले. पैसा सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाचा आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा. संस्था म्हणजे पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईचे एनसीएसटी हे सॉफ्टवेअर संशोधन केंद्र. जुहूचे एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात ई-मेल सुरू झाली. १९८९ मध्ये जुहूहून थेट अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंत भाड्याची तार जोडली गेली. एनसीएसटीचे श्रीनिवासन रमाणी हे या कामातले एक प्रमुख नाव. त्या तारेचा वेग होता ९,६०० बिट प्रतिसेकंद. आजचे पूर्ण मापाचे पॅकेट १,५०० बाइटांचे, म्हणजे १२,००० बिटांचे असते. असे एकच पॅकेट त्या तारेवर चढवायला सव्वा सेकंद लागला असता. आज डेटा सेंटरमधल्या १० गिगाबिटच्या नेटवर्क कार्डावरून ते सव्वा मायक्रोसेकंदात सुटते. तार दहा लाख पट वेगवान झाली. आपले खोळंबणे त्या प्रमाणात कमी झाले का, हा प्रश्न मनात राहू द्या.

दुसरी गोष्ट १९८६ च्याच ऑक्टोबरातली. कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ एकमेकांपासून चारशे यार्डांवर, म्हणजे हाकेच्या अंतरावर. त्यांच्यातली जोडणी ३२,००० बिट प्रतिसेकंदावरून घसरून एकदम ४० बिटांवर आली. तार धडधाकट होती, यंत्रे धडधाकट होती. झाले एवढेच, की पॅकेट पोचल्याची पावती वेळेत आली नाही म्हणून प्रत्येकाने तेच पॅकेट पुन्हा पाठवले, त्यामुळे रांग वाढली, पावत्या आणखी उशिरा आल्या, आणि सगळ्यांनी पुन्हा पाठवले. व्हॅन जेकबसन यांनी माइक कॅरल्स यांच्यासोबत १९८८ मध्ये यावरचा उपाय प्रसिद्ध केला. पाठवणाऱ्याने हळूहळू वेग वाढवावा, आणि एखादे पॅकेट हरवले की 'पुढे गर्दी आहे' असे समजून स्वतःहून हात आखडता घ्यावा. टीसीपी या नियमावलीत हे शहाणपण आले आणि आज जगातल्या प्रत्येक फोनमध्ये ते या ना त्या रूपात आहे. यातली एक मेख लक्षात ठेवा : पॅकेट हरवणे हा इशारा आहे. तो इशारा मिळालाच नाही, तर पाठवणारा थांबत नाही.

आता फोनच्या पोटात शिरू. तुम्ही व्हॉट्सॲपवर 'निघालो' असे लिहून पाठवता. ॲप ऑपरेटिंग सिस्टिमला हाक मारते. तिला सिस्टिम कॉल म्हणतात. प्रोसेसर ॲपचे काम बाजूला ठेवून कर्नेलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, हद्दीत जातो. अँड्रॉइड फोनमध्ये हे कर्नेल लिनक्सचे असते. तुमची अक्षरे ॲपच्या मेमरीतून कर्नेलच्या मेमरीत उतरवून घेतली जातात. त्यांच्यासाठी एसकेबफ नावाची एक नोंद उघडते. पॅकेट कोणाचे, कुठे चालले, त्याला कोणकोणती पाकिटे चढली, हे सगळे तिच्यात. टीसीपी त्यावर क्रमांक घालते, आयपी पत्ता घालते, फायरवॉल नजर टाकते, जायची वाट ठरते. मग पॅकेट क्यूडिस्क या रांग सांभाळणाऱ्या थरापाशी येते आणि तिथून कार्ड हाताळणाऱ्या ड्रायव्हरकडे जाते.

ड्रायव्हर पॅकेट उचलून कार्डाच्या हातात देत असेल अशी आपली समजूत असते. तसे होत नाही. मेमरीत एक गोल यादी असते, तिला रिंग म्हणतात. ड्रायव्हर तिच्यात फक्त लिहितो, की अमुक पत्त्यावर इतके बाइट ठेवले आहेत. मग कार्डावरच्या एका ठरावीक जागी आकडा लिहून कार्डाला जागे करतो. या लिहिण्याला डोअरबेल म्हणतात. कार्ड स्वतः मेमरीत हात घालून बाइट उचलते, तारेवर सोडते आणि नंतर प्रोसेसरला कळवते, की झाले, जागा मोकळी करा. तेव्हा कुठे रिंगमधली ती नोंद पुसली जाते.

यातले एकही पाऊल वायफळ नाही, पण प्रत्येक पावलाला वेळ लागतो आणि तो मोजायचे एकक नॅनोसेकंद आहे. १० गिगाबिटच्या तारेवर सगळ्यात लहान पॅकेट, दोन पॅकेटांमधली सक्तीची मोकळी जागा धरून, ८४ बाइट जागा व्यापते. ती जागा ६७.२ नॅनोसेकंदांत संपते. म्हणजे सेकंदाला १ कोटी ४८ लाख ८० हजार पॅकेटे. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला प्रत्येक पॅकेटामागे मिळतात जेमतेम दोनशे ठोके. हवी ती गोष्ट प्रोसेसरजवळच्या छोट्या मेमरीत, म्हणजे कॅशमध्ये, सापडली नाही आणि मुख्य मेमरीपर्यंत एक-दोन खेपा माराव्या लागल्या, की त्यातच हे दोनशे ठोके खर्ची पडतात आणि पुढच्या पॅकेटाची पाळी टळून जाते. पूर्ण मापाच्या पॅकेटाला मात्र १,२३० नॅनोसेकंद मिळतात, अठरा पट सवड. कर्नेलचा खर्च बाइटांवर फारसा ठरत नाही, पॅकेटांच्या संख्येवर ठरतो. या विषयातली अर्धी कारागिरी या एका निरीक्षणातून निघाली आहे.

खर्च नगावर असेल तर नग एकत्र न्यावेत, हे कोणालाही सुचेल. आपल्या जेटीवरून किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्यांचेच बघा. एका माणसाला न्यायला जेवढे डिझेल लागते, जवळपास तेवढेच भरलेल्या होडीला लागते. म्हणून होडीवाला होडी भरायची वाट बघतो, आणि पहिला चढलेला पर्यटक उन्हात बसून राहतो. दुसरा एखादा होडीवाला असा, की किल्ल्यावरून परत येताच जेटीवर जेवढे उभे असतील तेवढ्यांना घेऊन लगेच निघतो. एक असेल तर एक, पंधरा असतील तर पंधरा. गर्दीच्या दिवशी दोघांच्याही होड्या भरूनच जातात. फरक दिसतो तो आडवारी. पॅकेटांच्या जगात हे दोन्ही होडीवाले होऊन गेले.

पहिल्याचे नाव जॉन नेगल. फोर्ड एरोस्पेस कंपनीत काम करताना १९८४ च्या जानेवारीत त्यांनी एक नियम मांडला. तेव्हा दूरच्या संगणकावर टाइप करताना एका कळीमागे एक पॅकेट निघायचे. माल एक बाइटाचा, वर पत्त्यांचे वेष्टन चाळीस बाइटांचे. नेगलांचा नियम असा, की आधी पाठवलेल्याची पावती येईपर्यंत किरकोळ माल साठवून ठेवा, पावती आली की एकदम पाठवा. त्या काळच्या तारांना याने जीवदान दिले. पण घेणाऱ्या बाजूलाही एक काटकसर होती : पावती लगेच धाडायची नाही, उत्तराच्या पॅकेटाबरोबर फुकटात जाईल म्हणून थोडे थांबायचे, कधी दोनशे मिलिसेकंदांपर्यंत. आता हा त्याच्या पावतीसाठी थांबला आणि तो याच्या पुढच्या मालासाठी. दोघेही काटकसरी, आणि काम ठप्प. आजही नवा प्रोग्रॅमर या खड्ड्यात पडतो आणि मग हे साठवणे बंद करणारी टीसीपी-नोडिले नावाची खुंटी शोधून काढतो. माझ्या मते नेगलांचे साठवणे चुकले नव्हते. थांबायची मुदत समोरच्याच्या हाती गेली, तिथे घात झाला.

पुढच्या पिढीने वाट न बघता एकत्र न्यायच्या युक्त्या शोधल्या. ॲपने एकदम मोठी फाइल दिली असेल तर माल आधीच जमलेला आहे. मग त्याचे तुकडे वरच्या मजल्यावर कशाला करायचे? ६४ किलोबाइटांचा अख्खा गठ्ठा एकाच नोंदीने खाली उतरवायचा आणि पंचेचाळीसेक पॅकेटे कार्डानेच कापायची. याला टीएसओ म्हणतात. कार्डाला कापता येत नसेल तर कर्नेल अगदी शेवटच्या पायरीवर कापते; ते जीएसओ, २००६ मध्ये लिनक्स २.६.१८ सोबत आलेले, हर्बर्ट शू यांचे काम. फायरवॉल, वाट ठरवणे, रांग, सगळ्याचा हिशेब पंचेचाळीसऐवजी एकदाच.

आणि दुसरा होडीवाला आला २०१४ च्या डिसेंबरात, लिनक्स ३.१८ मध्ये. डोअरबेल वाजवणे महाग असते, कारण ते लिहिणे कॅशमध्ये न थांबता कार्डापर्यंत जावे लागते. डेव्हिड मिलर आणि डेन्मार्कचे येस्पर ब्रोअर यांनी अशी सोय केली, की क्यूडिस्कमध्ये आधीच उभी असलेली पॅकेटे एकदम काढायची आणि ड्रायव्हरला इशारा द्यायचा, की मागून आणखी येत आहेत, बेल एवढ्यात वाजवू नको. शेवटच्या पॅकेटाला एकदाच बेल. रांगेत एकच पॅकेट असेल तर ते एकटेच, तत्काळ, स्वतःची बेल वाजवून जाते. कुणाचीही वाट बघितली जात नाही. भार वाढला की गठ्ठे आपोआप जमतात, कमी झाला की आपोआप विरतात. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत आवडलेली कल्पना हीच, आणि ती थोडक्याच ओळींतली आहे.

बाकीच्या सुधारणा भरभर सांगतो. अनेक गाभ्यांचे, म्हणजे कोअरचे, प्रोसेसर आले तेव्हा सगळे गाभे एकाच रांगेच्या कुलपापाशी भांडू लागले. मग कार्डांना अनेक रांगा आल्या आणि कोणत्या गाभ्याने कोणती रांग वापरायची ते ठरवणारी एक्सपीएस ही सोय २०११ च्या सुमारास लिनक्समध्ये आली. अक्षरे नकलून घेण्याचा खर्च टाळणारी झिरोकॉपी टीसीपीसाठी २०१७ मध्ये आली. ती साधारण दहा किलोबाइटांच्या वरच्या मालालाच परवडते. त्याखाली नक्कलच स्वस्त पडते, कारण मेमरीची पाने अडकवून ठेवायचा आणि सोडायचा हिशेब त्याहून भारी होतो. 'नक्कल वाईट' असे सरसकट मानणाऱ्यांनी हा आकडा टिपून ठेवावा.

काहींनी म्हटले, कर्नेलच वाटेतून काढा. इथे आपल्या पुण्याचे काम सांगायलाच हवे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणक-संशोधन संस्था स्थापन झाली, १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार झाला, हे शाळेच्या पुस्तकापर्यंत पोचले आहे. पुस्तकात नसते ते हे, की महासंगणकाचे खरे दुखणे प्रोसेसर नसून त्यांच्यातला संवाद असतो. शेकडो प्रोसेसर एकमेकांना सतत लहान लहान निरोप धाडतात, आणि निरोप येईपर्यंत पुढचा हिशेब अडतो. प्रत्येक निरोपाला सिस्टिम कॉल, नक्कल, टीसीपी एवढी यातायात परवडत नाही. २००३ च्या 'परम पद्म'साठी सी-डॅकने परमनेट-२ हे स्वतःचे, अडीच गिगाबिटचे जाळे बांधले आणि त्यावर 'क्षिप्र' नावाचे हलके निरोप-सॉफ्टवेअर चढवले. त्यामागची कल्पना अशी, की प्रोग्रॅमने कार्डाशी शक्य तितके थेट बोलावे, कर्नेलने सुरुवातीला परवानगी देऊन बाजूला व्हावे. पुढे २०१२ मध्ये पिसा विद्यापीठाच्या लुईजी रिझ्झो यांनी 'नेटमॅप'द्वारे साध्या संगणकावर जवळपास हेच तत्त्व वापरून दाखवले : ९०० मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या एकाच गाभ्याने ती मघाची १ कोटी ४८ लाख ८० हजार पॅकेटे सेकंदाला सोडली. इंटेलमध्ये सुरू झालेले डीपीडीके हे त्याच कुळातले.

मग सगळीकडे हेच का वापरत नाहीत? कारण वाटेतून कर्नेल काढले की फायरवॉल, वाटणी, हिशेब हेही निघून जाते. ते सगळे पुन्हा स्वतः लिहावे लागते. शिवाय डीपीडीकेसारख्या रचनेत प्रोसेसरचा एक गाभा 'आले का, आले का' असे विचारत दिवसरात्र शंभर टक्के फिरत राहतो. टेलिफोन कंपनीच्या यंत्राला ते चालते. इन्व्हर्टरवर चालणाऱ्या घरातल्या राउटरला नाही. आणि पावसाळ्यात आपल्याकडे इन्व्हर्टर किती वेळ चालतो, ते मी मालवणात सांगायला नको.

इथपर्यंतची कथा पॅकेट स्वस्तात कसे सोडायचे याची झाली. आता ते वेळेवर कसे सुटेल ते पाहायला तारकर्ली-देवबागेकडे चला. न्याहारी-निवासाचे एखादे घर डोळ्यांसमोर आणा. राउटर पडवीत खुंटीला. एक पाहुणा सकाळच्या स्कूबाचा व्हिडिओ वर चढवतो आहे. दुसरा पुण्याच्या ऑफिसशी व्हिडिओ कॉलवर आहे, त्याचा आवाज तुटतो आहे. मालकीणबाई फोनवर पुढच्या आठवड्याचे बुकिंग पाहत आहेत, पान उघडत नाही. वर जाणारा वेग समजा २ मेगाबिट.

लिनक्समध्ये वर्षानुवर्षे एका कार्डामागची रांग मुळात १,००० पॅकेटांची असायची. गणित करू. १,००० गुणिले १,५०० बाइट, म्हणजे १५ लाख बाइट, म्हणजे १ कोटी २० लाख बिट. १ गिगाबिटच्या तारेवर ही भरलेली रांग १२ मिलिसेकंदांत रिकामी होते. कोणाला कळतही नाही. २ मेगाबिटवर तिला सहा सेकंद लागतात. तोच कोड, तोच आकडा. व्हिडिओने रांग भरून ठेवली, की कॉलमधला प्रत्येक शब्द सहा सेकंद उशिरा निघतो. आकडा ज्यांनी ठरवला त्यांच्या टेबलावर वेगवान तार होती, आणि त्यांनी रांग पॅकेटांत मोजली. सरांनी तिथल्या तिथे विचारले असते : हजार काय? थांबणे सेकंदांत होते, तर मर्यादाही सेकंदांत हवी.

आणि रांग भरतेच का? मघाची मेख आठवा. पॅकेट हरवले की टीसीपी थांबते. रांग एवढी ऐसपैस, की काही हरवतच नाही. इशारा मिळत नाही, म्हणून व्हिडिओ पाठवणारी टीसीपी वेग वाढवत राहते आणि रांग काठोकाठ भरते. चांगल्या हेतूने, पॅकेट वाया जाऊ नये म्हणून, जागोजागी मेमरी वाढवली गेली. मेमरी स्वस्त झाली तशी ती मोडेममध्ये वाढली, राउटरमध्ये वाढली, मोबाइल टॉवरमध्ये वाढली. २०१० मध्ये बेल लॅब्जचे जिम गेटिस घरातून फाइली पाठवत असताना साध्या पिंगला, म्हणजे जाऊन परत येणाऱ्या चाचणीच्या पॅकेटाला, एका सेकंदाहून अधिक वेळ लागतो हे पाहून चक्रावले आणि खणत गेले. या रोगाला बफरब्लोट हे नाव त्यांनीच दिले. साध्या मराठीत, रांगेला आलेली सूज.

इलाज २०१२ या एका वर्षात भराभर आले. गूगलचे टॉम हर्बर्ट यांनी बीक्यूएल आणले : कार्डाच्या रिंगमध्ये पॅकेटे किती यापेक्षा बाइट किती ते मोजायचे, आणि तार रिकामी पडणार नाही एवढेच भरायचे, मर्यादा कर्नेल स्वतः अनुभवाने शोधते. एरिक ड्युमाझे यांनी टीसीपीलाच शिस्त लावली, की आपला माल खालच्या थरांत थोडकाच ठेवायचा, तो गेला की पुढचा. आणि कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन, होय, १९८६ वालेच, यांनी कोडेल मांडले.

कोडेलमध्ये पॅकेट रांगेत शिरताना त्यावर वेळेचा शिक्का बसतो. बाहेर पडताना ते किती थांबले ते पाहिले जाते. रांग किती लांब आहे, याच्याशी कोडेलला देणेघेणे नाही. १०० मिलिसेकंदांच्या अवधीत एकदाही थांबणे ५ मिलिसेकंदांच्या खाली आले नाही, तर ती गर्दी क्षणिक नव्हे, मुक्कामी आहे असे समजायचे आणि एक पॅकेट मुद्दाम टाकून द्यायचे. टीसीपीला इशारा मिळतो. गर्दी हटली नाही तर टाकण्यातले अंतर कमी करत जायचे. अचानक आलेल्या लोंढ्याला माफी, ठाण मांडलेल्या रांगेला नाही. मुद्दाम पॅकेट टाकणे ऐकून कानाला बरे वाटत नाही, पण ते पॅकेट टीसीपी पुन्हा पाठवते. व्हिडिओला एखादा क्षण जास्त लागतो आणि पडवीतल्या बाकीच्यांचा जीव सुटतो.

याच्या जोडीला ड्युमाझे यांनी प्रत्येक प्रवाहाची रांग वेगळी केली, मुळात १,०२४ रांगा, आणि ज्याचा माल थोडा त्याला आधी पाळी. या जोडीचे नाव एफक्यू-कोडेल. यूपीआयची चार-पाच पॅकेटे आता व्हिडिओच्या मागे उभी राहत नाहीत. अनेक लिनक्स वितरणांत आज मूळ निवड हीच असते. हे सगळे घराघरांतल्या राउटरपर्यंत पोचावे म्हणून ज्याने जगभर लोकांच्या मागे लकडा लावला तो डेव्ह टाट. प्रोग्रॅमर खरा, पण त्याहून चळवळ्या. तो काही काळ मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वात राहिला होता. खराब जोडणीवर दिवस काढणे म्हणजे काय, ते त्याला ठाऊक होते. २०२५ च्या एप्रिलमध्ये तो वारला.

आता दोन धागे जुळतात. २०१४ ची ती एकदम पॅकेटे काढण्याची युक्ती गठ्ठा किती मोठा करते? बीक्यूएल परवानगी देईल साधारण तेवढाच. म्हणजे खर्च वाटून घेणारा आणि वेळ राखणारा एकाच हिशेबाला बांधलेले आहेत. हा क्रमही मला महत्त्वाचा वाटतो : आधी रांगेला लगाम आला, मग बेलमागचे गठ्ठे मोठे झाले. उलट झाले असते तर वेगाच्या चाचण्यांत आकडे झकास दिसले असते आणि देवबागेतला कॉल तुटतच राहिला असता.

एक व्यवहाराची अडचण सांगितलीच पाहिजे. रांग लागते ती वाटेतल्या सर्वांत अरुंद जागी. तुमच्या राउटरमध्ये एफक्यू-कोडेल असले, पण त्यापुढचा मोडेम मंद असेल, तर राउटरची रांग रिकामी राहते आणि मोडेमच्या पोटातली सुजलेली रांग भरते. यावर तोड अशी, की राउटरलाच जोडणीच्या खऱ्या वेगाहून थोड्या कमी वेगावर बांधायचे, नव्वद-पंचाण्णव टक्क्यांवर. पाच-दहा टक्के सोडायचे; बदल्यात रांग तुमच्या घरात, तुमच्या ताब्यात येते. लिनक्स ४.१९ मध्ये २०१८ साली आलेले 'केक' हे याच कामासाठी आहे आणि ओपनडब्ल्यूआरटी ही प्रणाली चालणाऱ्या राउटरवर ते बसवता येते. मोबाइलच्या जोडणीवर हे नीट जमत नाही, कारण टॉवरचा वेग क्षणाक्षणाला बदलतो आणि रांग टॉवरमध्ये असते. तिथे काम कंपनीचे आहे, आणि आपण ते मागितले पाहिजे. मागताना एकक बरोबर हवे. रिकाम्या वेळी पिंग करून बघा, मग मोठा व्हिडिओ चढवत असताना पुन्हा करा. आधी ४० मिलिसेकंद आणि नंतर ८०० आले, तर तक्रारीत मेगाबिटांचा उल्लेखही करू नका. हे दोन आकडे लिहा.

व्याख्यान इथे संपले होते. नंतर झालेल्या प्रश्नोत्तरांपैकी एक प्रश्न इथे देतो, कारण तो बहुतेकांच्या मनात असणार. एका विद्यार्थिनीने विचारले, की घराघरांत फायबर आले म्हणजे हे सगळे आपोआप सुटेल ना?

थोडेसे सुटेल. १०० मेगाबिटवर तीच हजार पॅकेटांची रांग सहा सेकंदांऐवजी १२० मिलिसेकंदांची होते. कॉलला तेही जास्तच, पण सुसह्य. फायबर आल्यावर अरुंद जागा मात्र उठून वाय-फायमध्ये जाते. आपल्या चिऱ्याच्या जाड भिंतींतून सिग्नल अशक्त होतो. मग मागच्या खोलीतला फोन अगदी मंद गतीने बोलतो आणि तेवढा वेळ हवा अडवून धरतो. राउटरशेजारी बसलेल्यालाही त्याच्या गतीने चालावे लागते. तोके होइलँड-यॉर्गन्सन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये यावरचे काम प्रसिद्ध केले. त्यांनी लिनक्सच्या वाय-फाय थरात रांगा नव्याने रचल्या आणि वाटणी पॅकेटांऐवजी हवेतल्या वेळेची केली : प्रत्येक उपकरणाला सारखा वेळ, त्यात ज्याचे जेवढे जाईल तेवढे. ते काम मुख्य लिनक्समध्ये गेले आहे, पण तुमच्या राउटरच्या ड्रायव्हरमध्ये ते आहे की नाही, हे खोक्यावर छापलेले नसते. म्हणून मी त्या मुलीला सांगितले, की वडिलांना तीनशे मेगाबिटचा प्लॅन घ्यायच्या आधी मागच्या खोलीत दुसरा ॲक्सेस पॉइंट लावायला सांग, आणि तो तारेने जोडायला सांग.